एका मालिकेचे अखेरचे पुस्तक

रहस्यकथेचा एक प्रकार असा आहे की, त्यात खून होतो, पण रक्त फारसे दिसत नाही. एखादे इंग्रजी खेडे, तेथील धर्मोपदेशक, निवृत्त कर्नल, दुपारचा चहा, आणि ह्या सुखवस्तू शांततेच्या पोटात दडलेला एक गुन्हा, एवढी त्याची सामग्री. गुन्ह्याचा छडा बहुधा पोलिसांऐवजी कोणी चौकस गृहस्थ किंवा वृद्धा लावते. अशा कथांच्या मालिका वर्षानुवर्षे चालतात आणि वाचक नवे पुस्तक उघडतो ते जुन्या स्नेह्यांच्या घरी जावे तशा भावनेने. म्हणूनच मालिकेतील एखादे पुस्तक फसले, म्हणजे वाचकाची होणारी निराशा निराळ्या जातीची असते. तीत रागापेक्षा काळजी अधिक असते. अगाथा ख्रिस्तीबाईंची 'पोस्टर्न ऑफ फेट' ही १९७३ मधील कादंबरी ह्याचे बोलके उदाहरण आहे.

ख्रिस्तीबाईंचे हर्क्यूल प्वारो आणि मिस मार्पल हे दोन शोधक सर्वश्रुत आहेत. टॉमी आणि टपेन्स ह्या जोडप्याचे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. १९२२ च्या 'द सीक्रेट ॲडव्हर्सरी' मध्ये ही दोघे प्रथम भेटतात. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, दोघेही विशीतले, खिसा रिकामा आणि उत्साह अमाप. १९२९ मध्ये त्यांच्या लघुकथांचा संग्रह आला. १९४१ च्या 'एन ऑर एम?' मध्ये मुले मोठी झालेली ही दोघे दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हेरांच्या मागावर निघाली. पुढे सत्तावीस वर्षे त्यांची कादंबरी आली नाही. अखेर १९६८ मध्ये चौथे पुस्तक निघाले, तेव्हा त्या जोडप्याचे पुढे काय झाले असे पत्रांतून विचारणाऱ्या देशोदेशींच्या वाचकांनाच बाईंनी ते अर्पण केले. प्वारोचे वय कधी वाढत नाही. टॉमी आणि टपेन्स मात्र वाचकांबरोबर म्हातारी होत जातात. त्यांच्याविषयी वाटणाऱ्या जिव्हाळ्याचे रहस्य ह्यातच आहे.

'पोस्टर्न ऑफ फेट' मध्ये दोघांची सत्तरी उलटली आहे. एका लहान गावात त्यांनी जुने घर विकत घेतले आहे. घराबरोबर आलेली पुस्तके लावताना टपेन्सच्या हाती स्टीव्हन्सनची 'द ब्लॅक ॲरो' ही कादंबरी लागते. तिच्या काही पानांवर सुट्या अक्षरांखाली रेघा मारलेल्या आहेत. ती अक्षरे जुळवली तेव्हा निष्पन्न होते की, मेरी जॉर्डन नावाच्या स्त्रीचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. घटना पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची. ती जाणणारे बहुतेक लोक मरून गेलेले. इतका सुंदर प्रारंभ ख्रिस्तीबाईंच्या भरभराटीच्या काळातील पुस्तकांतही फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पण ह्या प्रारंभाला साजेसे पुढे काही घडत नाही. संभाषणे लांबत जातात. एका प्रकरणात कळलेली गोष्ट पुढच्या प्रकरणात पुन्हा नव्याने कळते. वये आणि काळ ह्यांचे हिशेब जुळत नाहीत. वृद्ध माळ्याचा खून होतो, तरी कथेला वेग येत नाही. आणि शेवटी जो उलगडा होतो, तो वाचकाच्या हाती दिलेल्या दुव्यांतून निघालेला नसतो.

ही उणीव एवढी का जाणवावी, हे बाईंच्याच १९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' वरून समजते. तेथे एका लाडक्या नावातील एक स्वर मधूनच बदलतो. वाचकाला वाटते, मुद्रकाची चूक असावी. प्रत्यक्षात तो एक दुवा असतो. १९५० मध्ये जी चूक वाटे तो दुवा ठरे; १९७३ मध्ये जो दुवा वाटतो तो चूक ठरतो. रहस्यकथेचा सारा डोलारा लेखकाच्या स्मरणावर उभा असतो. दहाव्या पानावर ठेवलेली वस्तू दोनशेव्या पानावर नेमकी तेथेच सापडली पाहिजे. इतर कादंबरीत विसराळूपणा खपून जाईल. येथे तो पायाच पोखरतो.

हे पुस्तक निघाले तेव्हा ख्रिस्तीबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढे २००९ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील इयान लँकॅशायर आणि ग्रेम हर्स्ट ह्या संशोधकांनी त्यांच्या निरनिराळ्या काळातील कादंबऱ्यांतील शब्दांची संगणकावर मोजदाद केली. अखेरच्या पुस्तकांत, विशेषतः १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' मध्ये, शब्दसंग्रह आकसलेला आढळला. त्याच त्या वाक्प्रयोगांची पुनरावृत्ती आणि 'काहीतरी', 'गोष्ट' अशा अर्थाच्या मोघम शब्दांचा वापर वाढला होता. हे स्मृतिभ्रंशाचे चिन्ह असावे, असा त्यांचा तर्क आहे. अर्थात शब्दांची मोजणी म्हणजे वैद्याचे निदान नव्हे. तरीही फसलेल्या पुस्तकाकडे पाहण्याची दृष्टी तिने बदलते. वाचकाला जो आळस वाटला, तो कदाचित आजार असेल.

आणि ह्या पुस्तकात एक गोष्ट अजूनही जिवंत आहे. घराच्या अडगळीत टपेन्सला मटिल्ड नावाचा लाकडी डुलता घोडा आणि ट्रूलव्ह नावाची खेळण्यातली घोडागाडी सापडते. १९७७ मध्ये, बाईंच्या निधनानंतर वर्षाने, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात हीच दोन खेळणी ह्याच नावांनी आढळली. ती टॉर्की येथील त्यांच्या बालपणीच्या घरातली होती. कालचा दुवा विसरणाऱ्या लेखिकेला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची खेळणी मात्र लख्ख आठवत होती. गूढकथा म्हणून पुस्तक कोसळते. पण म्हातारपणी बालपण कसे जवळ येते, ह्याची नोंद म्हणून ते वाचनीय राहते.

मग ते छापावे का, हा प्रश्न उरतोच. कॉलिन्स ह्या प्रकाशनसंस्थेने नाताळाला ख्रिस्तीबाईंचे नवे पुस्तक देण्याचा प्रघात पाडला होता. वाचक वाट पाहत, विक्री ठरलेली असे. अशा यशस्वी लेखकाला 'आता पुरे' असे कोणी म्हणावे? १९७४ मध्ये नवी कादंबरी आली नाही. प्वारोच्या जुन्या कथांचा संग्रह निघाला. १९७५ मध्ये 'कर्टन' आणि १९७६ मध्ये 'स्लीपिंग मर्डर' प्रसिद्ध झाल्या. ह्या दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलेल्या होत्या. त्यांतील बांधणी घट्ट आहे, कारण ती पन्नाशीतील हाताची आहे. म्हणून प्रकाशनाच्या क्रमाने वाचणाऱ्याची फसगत होते. १९७३ चा थकलेला हात दोन वर्षांत सावरला, असे त्याला वाटू शकते. लिखाणाच्या क्रमाने पाहिले, तर 'पोस्टर्न ऑफ फेट' हीच बाईंनी लिहिलेली शेवटची कादंबरी. टॉमी आणि टपेन्स ह्यांची ओळख करून घ्यायची असेल, तर १९२२ च्या पुस्तकापासून आरंभ करावा आणि ह्या घरी सर्वांत शेवटी जावे. तोपर्यंत त्या दोघांवर इतका लोभ जडलेला असतो की, त्यांच्या गप्पा लांबल्या तरी वाचक उठून जात नाही.