मनाचे माप आणि मापाची मर्यादा

राजगड-तोरण्याच्या परिसरातील विंझरसारख्या गावात मानसशास्त्र हा विषय प्रथम प्रवेश करतो तो बहुधा एका प्रश्नपत्रिकेच्या रूपाने. शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीत अंकमालिकेतील रिकामी जागा भरावयाची असते, गटात न बसणारे पद ओळखावयाचे असते, आरशातील प्रतिमा शोधावयाची असते. निकाल लागतो, आणि त्या गुणांवरून एक मुलगा हुशार तर दुसरा बेताच्या बुद्धीचा ठरून जातो. हा निवाडा शास्त्राच्या नावाने दिला जात असल्याने, ते शास्त्र कसे जन्मले आणि त्याचा स्वतःचा दावा काय आहे, हे शिक्षकांनी व पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

मनाचा विचार पुरातन आहे. आपल्याकडे सांख्य आणि योग या दर्शनांनी मन, बुद्धी व अहंकार यांची सूक्ष्म चिकित्सा केली; ग्रीक तत्त्वज्ञांनीही ती केली. परंतु चिंतन निराळे आणि प्रयोग निराळा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वेबर याने वजनातील फरक माणसाला केव्हा जाणवतो, हे प्रयोगाने तपासले. हातात एक किलो वजन असता त्यात पावशेराची भर चटकन कळते. डोक्यावर भाताचा भारा असता तीच भर कळतही नाही. फरक जाणवण्यासाठी लागणारी भर मूळ वजनाच्या प्रमाणात वाढते, असा नियम त्यातून निघाला. फेश्नरने 1860 साली या विचाराला गणिती रूप दिले आणि 1879 साली व्हिल्हेल्म वुंट याने लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा स्थापन केली. स्वतंत्र शास्त्र म्हणून मानसशास्त्राचा जन्म त्या वर्षी झाला असे सामान्यतः मानतात.

तथापि जन्माबरोबरच घरात वाद सुरू झाला. वुंटच्या परंपरेत अंतर्निरीक्षणाने जाणिवेचे घटक शोधले जात. त्याचा शिष्य टिचनर याने त्यालाच रचनावादाचे रूप दिले. अमेरिकेत विल्यम जेम्सने 1890 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निराळा प्रश्न विचारला: मन कशाचे बनले आहे यापेक्षा ते कशासाठी उपयोगी पडते? हा कार्यवाद होय. फ्रॉइडने जाणिवेच्या तळाशी असलेल्या अबोध मनाकडे बोट दाखविले. 1913 साली वॉटसनने, जे दिसत नाही त्याची चर्चाच नको, केवळ वर्तनाचा अभ्यास करावा, असा वर्तनवादी पवित्रा घेतला. गेस्टाल्टवाद्यांनी सांगितले, की अनुभव तुकड्यांची बेरीज नसून एक सबंध आकृती असते. पुढे मॅस्लो आणि रॉजर्स यांनी माणसाच्या विकासाच्या ओढीवर भर दिला, तर बोधात्मक मानसशास्त्राने स्मृती, अवधान व विचार यांच्या प्रक्रिया पुन्हा प्रयोगशाळेत आणल्या. यांपैकी एकही पंथ सर्वस्वी खोटा ठरला नाही आणि एकही पुरेसा ठरला नाही.

बुद्धिमापनाची कथा याच काळातील. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष शिक्षण देता यावे, यासाठी आधी ती ओळखावी कशी, हा प्रश्न फ्रान्समधील शिक्षणखात्यापुढे होता. आल्फ्रेड बिने याने सिमॉनच्या साहाय्याने 1905 साली त्यासाठी कसोटी तयार केली. म्हणजे कसोटीचा मूळ हेतू मदतीचा होता, वर्गवारीचा नव्हे. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे या समजुतीचा बिनेने 1909 साली स्पष्ट निषेध केला. पण कसोटी परदेशी गेली आणि हा इशारा मागे राहिला. स्टर्नने 1912 साली बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली, टर्मनने 1916 साली स्टॅनफर्ड येथे कसोटीची सुधारित आवृत्ती काढली, आणि साधनाचा निवाडा झाला.

मराठी मुलांपर्यंत ही कसोटी आणण्याचे श्रेय व्ही. व्ही. कामत यांचे. मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी केलेली तिची पुनर्रचना 1934 साली प्रसिद्ध झाली; बिने-कामत कसोटी म्हणून ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. काम भाषांतराने भागण्यासारखे नव्हते. स्टॅनफर्डच्या आवृत्तीत मुलाला अमेरिकन नाणी ओळखावयास सांगितले होते. ती न ओळखणारे मराठी मूल मंद कसे म्हणावे? पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तेव्हा त्यांनी गिलफर्डच्या मांडणीचा आधार घेतला. त्या मांडणीत बुद्धी ही एक संख्या नसून 120 निरनिराळ्या क्षमतांचा समूह होता. प्रबोधिनीचे काम पुढे वेल्हे भागातही पोहोचले.

अमेरिकन नाण्यांबाबतचा प्रश्न विंझरच्या मुलालाही लागू आहे. ज्याने सराव-पुस्तिका पाहिलीच नाही, त्याचे गुण आणि शहरातील वर्गात वर्षभर सराव केलेल्या मुलाचे गुण एकाच गोष्टीचे माप होऊ शकत नाहीत. भातखाचरात पाणी कोठून वळवावे, याचा अंदाज घेणारे डोळे प्रश्नपत्रिकेत तपासले जात नाहीत. म्हणून कसोट्या फेकून द्याव्यात, असे नाही. शिक्षकाच्या मर्जीवर वा घराण्याच्या नावावर निवड होण्यापेक्षा कसोटी बरी. दुर्लक्षित गुणवत्ता तिच्यामुळेच अनेकदा उजेडात येते, आणि अडचण असलेल्या मुलाला वेळीच साहाय्य मिळते. परंतु तिचे उत्तर हा तपासाचा आरंभ मानला पाहिजे.

येथे जुन्या पंथांचे भांडण शिक्षकाच्या उपयोगी पडते. गुण कमी पडलेल्या मुलाविषयी वर्तनवादी विचारील, की त्याला सराव व शाबासकी किती मिळाली? मनोविश्लेषक विचारील, की त्याच्या मनात कोणती भीती दडली आहे? गेस्टाल्टवादी पाहील, की प्रश्नाची सबंध आकृती त्याला दिसली का? बोधात्मक अभ्यासक त्याची चूक तपासून विचाराची वाट कोठे चुकली ते शोधील. मानवतावादी विचारील, की त्याला कोण व्हावयाचे आहे? हे पाच प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात थोडा वेळ आणि मुलाविषयी आस्था लागते. मनाचे माप घेणारे शास्त्र शतकाहून अधिक काळ आपल्या मापाविषयी शंका घेत आले आहे. त्याच्या नावाने दहा वर्षांच्या मुलावर कायमचा शिक्का मारणाऱ्यांनी निदान तेवढी शंका तरी बाळगावी.