‘श्वास’ ते ‘दशावतार’: पडद्यावरचं कोकण नक्की काय काम करतं?

घाटात नेटवर्क गेलं आणि एपिसोड अर्धाच राहिला, अशांसाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे कापलेत.

एका मित्राने विचारलं होतं, “कोकणात शूट झालं की तुम्ही रत्नागिरीकर लगेच सिनेमा डोक्यावर घेता. पण त्यातला चांगला कुठला?” प्रश्न बोचला, कारण खरा आहे. माड, कौलारू घर, वरून ड्रोन, की आम्ही खूश. म्हणून मी एक टेस्ट ठेवलीय. हीच गोष्ट उचलून महाबळेश्वरला नेली तर काही बिघडेल का? नसेल बिघडत, तर कोकण तिथे नुसता वॉलपेपर आहे.

आता ‘श्वास’ घ्या. २००४ साली आला तेव्हा मी सातेक वर्षांचा, म्हणजे साधारण त्यातल्या परशुरामच्याच वयाचा. खरं सांगतो, तेव्हा प्रचंड बोअर झालो होतो. परत बघितला तो आजीला तपासण्यांसाठी मुंबईला नेऊन आणल्यावर. रिपोर्टची फाईल पोटाशी धरून बाकड्यावर बसणं काय असतं, ते एव्हाना कळलं होतं. अरुण नलावडेंचे आजोबा तसेच बसतात. समोर डॉक्टर इंग्रजी शब्द बोलतो, आणि हे मान हलवतात. समजलं म्हणून नाही, पुन्हा विचारायचा संकोच म्हणून.

गोष्ट एका ओळीची आहे. नातवाला डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. दिग्दर्शक संदीप सावंत हॉस्पिटलच्या मध्ये मध्ये गावाचे तुकडे पेरत राहतात. लहानपणी मला ते गाण्यातल्या सीनसारखे वाटले होते. आता वाटतं, ती त्या पोराची हार्ड डिस्क आहे. पुढे आयुष्यभर त्याच्याकडे बघायला एवढंच असणार. म्हणून तिथला हिरवा रंग सुंदर वाटता वाटता छातीत दुखतो. आणि आजोबा ऑपरेशनच्या आधी पोराला कुणाला न सांगता हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, तेव्हा डॉक्टर चिडतो तेही बरोबर वाटतं आणि आजोबाही बरोबर वाटतात. व्हिलन कुणीच नाही. माझ्या टेस्टमध्ये हा फुल मार्कांनी पास, कारण इथे कोकण म्हणजेच जे हरवणार आहे ते.

या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. मराठीला हा मान त्याआधी थेट अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) मिळाला होता. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. अभिमान वगैरे ठीक, पण मधली पन्नास वर्षं मोजा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’लाही (२०१६) पुढे तेच सुवर्णकमळ मिळालं. डिप्रेशनमधला एक मुलगा, त्याला घरी आणणारी जानकी, आणि किनाऱ्यावर चाललेलं कासव संवर्धन. कासवीण अंडी घालून समुद्रात निघून जाते, पिल्लांना कधी भेटतही नाही. ती जगतात ती दुसऱ्या कुणीतरी राखण केली म्हणून. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला लोक हे काम खरोखर करतात. तिथे जाऊन आलात, तर जानकी त्या मुलाला प्रश्न विचारून भंडावत का नाही, ते आपोआप कळेल. थोडा संथ आहे, मान्य. पण कृपा करून दीडच्या स्पीडवर बघू नका. त्यातली शांतताच कापली जाते.

‘दशावतार’वर (२०२५) माझं आणि मित्रांचं भांडण झालंय. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर वेष चढवतात तेव्हा थिएटर गप्प होतं, त्यात वाद नाही. बाप-लेकाचा पहिला भागही अस्सल. पण खाणीचा विषय आला की समोरचे लोक एकदम ठरावीक ‘वाईट’ होतात. आपल्याकडे प्रकल्प येतो तेव्हा एकाच वाडीत दोन भाऊ दोन बाजूंना असतात. एकाला जमीन राखायची असते, दुसऱ्याला पोरासाठी नोकरी हवी असते. ते भांडण मला बघायचं होतं. तरी सिनेमा चालला याचा आनंदच आहे.

आणि एक गंमत. सुजय डहाकेंचा २०२३ चा ‘श्यामची आई’ ब्लॅक अँड व्हाइट आहे. हिरवा रंगच काढून टाकला की उरतं घर, अंगण आणि कर्ज. पोस्टकार्ड बनायची सोयच नाही.

आता माझीच टेस्ट अडचणीत येते. ‘नारबाची वाडी’ (२०१३) बघताना वाटतं, हा म्हातारा कोकणाबाहेर असूच शकत नाही. प्रत्यक्षात ती गोष्ट मनोज मित्रांच्या ‘साजानो बागान’ या बंगाली नाटकावरून आलीय. बंगालमधली बाग आमच्याकडे आली आणि काहीच बिघडलं नाही! हे कसं जमलं, ते पुढच्या एपिसोडला. तोवर बघून ठेवा.