सत्तर किलोचा दिवस

आदली संध्याकाळ

उद्याच्या कामाची हजेरी आजच लागते, आणि ती वजनकाट्यावर. टोकियो, २७ जुलै २०२१. ज्युदो, महिलांचा सत्तर किलोचा गट. काट्यावर सत्तरच्या पुढचा आकडा दिसला की विषय संपला, मग मागे मेहनत पाच वर्षांची असो की पंधरा. ऑस्ट्रियाची मिखाएला पोलेरेस या काट्यातून पार पडते. ती याच महिन्याच्या १५ तारखेला चोवीस वर्षांची झाली. वजनाच्या खेळात स्पर्धेच्या तोंडावर वाढदिवस येणं, म्हणजे अवघडच प्रकरण.

वजन कसं उतरवतात ते आपल्या पैलवानांना सांगायला नको. आधी मीठ कमी, मग पाणी कमी. अंगावर दोन-तीन थर चढवायचे आणि घाम काढायचा. काट्यावरून उतरलं की भात, पास्ता, क्षारांचं पाणी. तेही हात राखून. सकाळी गटातल्या काही जणींना चिठ्ठी काढून पुन्हा काट्यावर उभं करतात. तिथे पाच टक्क्यांची सवलत असते, म्हणजे साडेत्र्याहत्तर किलोपर्यंत चालतं. त्याच्या पुढे गेलं तर रात्रीचं जेवण फार महागात पडतं.

सकाळी ८

करोनाचं ऑलिंपिक. क्रीडाग्रामातल्या प्रत्येकाला रोज लाळेचा नमुना द्यावा लागतो. मास्क चटईच्या कडेपर्यंत उतरवायचा नाही. बस निप्पॉन बुडोकानकडे जाते. अष्टकोनी छपराचं हे सभागृह १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं. ज्युदो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो इथेच. बायकांना तेव्हा त्यात जागा नव्हती. त्या पदकासाठी उतरल्या १९९२ मध्ये, बार्सिलोनाला. आज त्या उतरणार आहेत, पण बघायला कोणी नाही. खुर्च्या रिकाम्या आहेत.

९.३०

आता बोटं. ज्युदो बघताना आपली नजर पायांवर असते, फेक होते तेव्हा खांद्यांवर असते. खरी मजुरी करतात ती बोटं. समोरचीचा जाड विणीचा अंगरखा गच्च धरायचा. ती झटका देऊन सोडवते. पुन्हा धरायचा. एका लढतीत हे किती वेळा होतं त्याची मोजदाद नाही. कापड नखांच्या मुळाशी घासतं, पेरं सुजतात, कातडी सोलवटते. बरीच वर्षं खेळलेल्या ज्युदोपटूची बोटं नीट मिटत नाहीत.

म्हणून पांढरी चिकटपट्टी. कात्री लागत नाही. दातांनी कडा फाडायची आणि बोटाच्या रुंदीची पट्टी ओढून काढायची. सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक, मधून तिरका. सांधा मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर मूठ वळत नाही. फार घट्ट बांधलं तर बोट बधिर होतं, सैल राहिलं तर पहिल्याच झटक्यात पट्टी निघते. एक रोल दोन-चार युरोंना मिळतो. दिवसाचं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच, आणि सगळ्यात लवकर संपतं तेही हेच.

१०.००

कपड्यांची तपासणी. ज्युदोगी दोन लागतात, एक पांढरी, एक निळी. पुकाऱ्यात ज्याचं नाव आधी, तो पांढऱ्यात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचं लेबल हवं. एक चांगली ज्युदोगी दोनशे युरोंच्या आसपास जाते. पाठीवर आडनाव आणि देशाची तीन अक्षरं शिवलेली.

तपासनीस हात पुढे करायला सांगतो. बाही मनगटापर्यंत आली पाहिजे. मग एक मोजपट्टी घेऊन बाहीत हातापलीकडे जागा किती उरते ते पाहतो. बाही तंग असेल तर समोरच्याला धरता येत नाही, आणि हा धरण्याचाच खेळ. पट्ट्याची टोकं गाठीपुढे वीस ते तीस सेंटिमीटर. आत पांढरा टी-शर्ट. नखं कापलेली. केस बांधलेले, पण त्यात कुठलीही कडक वस्तू नको. कपडा स्वच्छ आणि कोरडा हवा, वास येता कामा नये. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही धुतलेले कपडे घालून या, असं लिहून द्यावं लागतं.

पलीकडे टोपल्या मांडलेल्या. खेळाडू चटईकडे जाताना सपाता, जॅकेट, मास्क टोपलीत टाकतो. ती उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवायला स्वयंसेवक असतात. त्यांना पगार नाही. प्रवासखर्चाचे दिवसाला हजार येन.

११.००

सुरुवात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात. चारच दिवसांपूर्वी याच सभागृहात आपली सुशीलादेवी लिकमाबाम अठ्ठेचाळीस किलोत खेळली आणि पहिल्याच लढतीत बाहेर पडली. ज्युदोत भारताची तेवढी एकच खेळाडू होती.

लढत चार मिनिटांची. पाठ चटईवर जोरात, ताब्यात, वेगानं लागली तर इप्पॉन, म्हणजे आपली चीतपट. तिथेच खेळ खलास. थोडं कमी पडलं तर वाझा-आरी. दोन वाझा-आरी झाल्या की एक इप्पॉन. खाली दाबून वीस सेकंद धरलं तरी इप्पॉन. गळा आवळला किंवा कोपर उलटा ओढला आणि समोरचीनं हार मानली, तरीही. कमरेखाली हात घालायचा नाही. पट काढण्यात तरबेज असलेला आपला पैलवान इथे पहिल्याच मिनिटाला शिक्षा खाईल. शिक्षेला शिदो म्हणतात. तिसऱ्या शिदोला बाहेर.

पोलेरेस डोकं किंचित खाली घालून उभी राहते. पंच हाजिमे म्हणतो, म्हणजे सुरू करा. पहिले काही क्षण फक्त हात बोलतात. कॉलरकडे एक हात, तो झटकला जातो. बाहीकडे दुसरा. लांबून बघणाऱ्याला दोघी नुसत्या ढकलाढकली करताहेत असं वाटतं. पण कॉलर उंच कोणाच्या हाती आली, बाही कोणी आधी पकडली, यावर पुढची फेक ठरते. प्रशिक्षक खुर्चीत बसून असतो आणि त्याला मधे बोलायची परवानगी नाही. पंचानं खेळ थांबवला की तेवढ्या चार-सहा सेकंदांत काय ओरडायचं ते ओरडायचं. ऑस्ट्रियाच्या संघाची तेव्हाची मुख्य प्रशिक्षक यव्होन ब्योनिश. ती जर्मन. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सत्तावन्न किलोत सोनं जिंकलेली. पुरुष आणि महिला, दोन्ही संघ तिच्याकडे.

पोलेरेस जिंकते. टोपलीतून सपाता घेते आणि आत जाते. पुढचा पुकारा होईपर्यंत अंग गार पडू द्यायचं नाही.

दुपारी १ च्या सुमारास

चार मिनिटांत निकाल लागला नाही तर वाढीव वेळ, आणि त्याला मर्यादा नाही. याच गटात रशियाची मदिना ताइमाझोवा आणि ब्राझीलची मारिया पोर्तेला यांची लढत वाढीव वेळेत दहा मिनिटांच्या पलीकडे गेली. मधे पोर्तेलाची एक फेक गुणाची वाटली होती, दिली नाही. शेवटी ती तिसऱ्या शिदोवर बाहेर पडली. तोपर्यंत दोघींच्या हातांत पकड उरलेली नव्हती, नुसती बोटं कापडात अडकत होती. ब्राझीलमध्ये त्या फेकीवरून बरंच वादळ उठलं.

२.००

सकाळचं सत्र आटोपलं. उपांत्यपूर्व फेरीपर्यंतचा निकाल लागला. पोलेरेस उपांत्य फेरीत आहे. आता पाचपर्यंत थांबायचं.

या खेळात थांबणं हे मोठं काम आहे. खायचं, पण जड नाही. पडायचं, पण झोप लागता कामा नये. ओली ज्युदोगी बदलायची. बर्फ लावायचा. जुन्या पट्ट्या सोलून काढायच्या, त्यांच्याबरोबर कातडीही थोडी येते.

या तीन तासांत जरा पैशांचं बोलू. ज्युदोच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत पहिला नंबर आला तर बक्षीस पाच हजार डॉलर. त्यातले चार हजार खेळाडूचे, हजार प्रशिक्षकाचे. वाटणी महासंघानंच करून ठेवली आहे. दुसरा नंबर तीन हजार, तिसरा दीड हजार, वाटणीचं प्रमाण तेच. पहिल्या फेरीत हरलेल्याला काही नाही. विमान, हॉटेल, चाचण्या हा खर्च मात्र सगळ्यांना सारखा. त्यामुळे बक्षिसावर घर चालत नाही. ऑस्ट्रियात बरेच ऑलिंपिक खेळाडू लष्कराच्या क्रीडा विभागात नोकरीला असतात. गणवेश, हुद्दा, दरमहा पगार, आणि काम म्हणजे सराव.

पोलेरेस नोयनकिर्खेनची, व्हिएन्नाच्या दक्षिणेला. तिचा क्लब शेजारच्या विम्पासिंगचा. विम्पासिंग म्हणजे सेम्पेरिट कंपनीच्या रबर कारखान्याचं गाव. ऑस्ट्रिया म्हटलं की आपल्याला बर्फावरून घसरणारी माणसं आठवतात. ज्युदो तिथे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचा खेळ. पण बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्कला झाली, तेव्हा आठपैकी तीन सोनी या छोट्या देशानं नेली. एडिथ ह्रोवात, गेर्डा विंकलबावर, एडिथ सिमॉन. त्यांच्या वेळी ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदोच नव्हता. मग २००४ मध्ये क्लाउडिया हाइलनं अथेन्सला त्रेसष्ट किलोत रौप्य आणलं. अंतिम फेरीत समोर जपानची आयुमी तानिमोतो होती. हाइल २०११ मध्ये गेली, एकोणतीस वर्षांची असताना. अथेन्सनंतर ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बायकांना ज्युदोचं पदक मिळालेलं नाही. आदल्या दिवशी याच चटईवर पुरुषांत शमिल बोर्चाश्विलीनं ब्राँझ मिळवलं, म्हणजे पथकाचा हात चालू झाला आहे.

५.००

अंतिम सत्र. प्रशिक्षक कपडे बदलून आलेत. सकाळी ट्रॅकसूट चालतो, आता सूट. तसा नियमच आहे.

उपांत्य फेरी. एकीकडे पोलेरेस जिंकते आणि अंतिम फेरीत पोचते. दुसरीकडे जपानची चिझुरू अराई आणि तीच ताइमाझोवा. ही लढत सोळा मिनिटांहून जास्त चालली. चार मिनिटांच्या चार लढती एका दमात. ताइमाझोवाच्या डोळ्याखाली सूज. अराईच्या तोंडावर रंग नाही. शेवटी अराईनं गळ्याचा डाव बसवला, आणि ताइमाझोवानं हार मानली नाही. ती बेशुद्ध झाली. शुद्धीवर आली, बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं परत येऊन क्रोएशियाच्या बार्बरा मातिचला हरवून ब्राँझ घेतलं. मातिच तेव्हाची जगज्जेती. असल्या दिवसाला काय म्हणावं?

दोन लढतींमध्ये निदान दहा मिनिटं विश्रांती द्यावी लागते. अराईला त्याहून थोडी जास्त मिळाली असेल. ऑस्ट्रियाच्या बाकावर आशा वाढली असेल तर त्यात चूक नाही. दमलेली माजी जगज्जेती समोर येणार. अराईनं २०१७ आणि २०१८ ची जागतिक स्पर्धा जिंकलेली, पण पाय तर पायच.

संध्याकाळ, शेवटची लढत

अराई दमलेली असेलही. दिसली नाही. तिनं एक वाझा-आरी मिळवली आणि मग घड्याळ जपलं. पोलेरेस पकड शोधत राहिली. पुढे आली, बाही धरली, ती सुटली, पुन्हा धरली. ब्योनिशला सांगायला मिळाली ती फक्त थांब्यातली काही सेकंदं. चार मिनिटं संपली. अराईचं सोनं, पोलेरेसचं रौप्य.

ज्युदोत रौप्य मिळवणारी खेळाडू हरून चटईवरून उतरते. ब्राँझवाल्या दोघी जिंकून उतरलेल्या असतात. त्यामुळे दुसऱ्या नंबरची मुलगी फोटोत बऱ्याचदा तिसऱ्यापेक्षा जास्त दुःखी दिसते.

करोनामुळे पदक कोणी गळ्यात घालत नाही. तबकात ठेवून समोर धरतात, आपलं आपण उचलायचं. रौप्यपदक सुमारे साडेपाचशे ग्रॅमचं. जुने मोबाइल आणि संगणक वितळवून काढलेल्या धातूचं. पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांनी ती रिबिन डोक्यावरून घालून घ्यायची.

रात्र

पदक मिळालं तरी काम संपत नाही. उत्तेजक चाचणीला जावं लागतं. नव्वद मिलिलिटर लघवी, आणि तीही कोणाच्या तरी नजरेसमोर. सकाळपासून घाम गाळलेल्या माणसाला ते सोपं नसतं. सीलबंद बाटल्यांतलं पाणी पीत बसायचं. काहींना दहा मिनिटं लागतात, काहींना दोन तास. बाहेर पत्रकार थांबलेले असतात, त्यांचे प्रश्न ठरलेले असतात.

ऑस्ट्रियाची ऑलिंपिक समिती पदकविजेत्यांना बक्षीस सोन्याच्या नाण्यांत देते. व्हिएन्नाच्या टांकसाळीची फिलहार्मोनिकर नाणी. रौप्याला तेव्हा तेरा हजार युरोंची. ग्रँड स्लॅममध्ये दुसरा नंबर आला तर खेळाडूच्या वाट्याला चोवीसशे डॉलर येतात, तेव्हा हा आकडा मोठा आहे. पण ऑलिंपिक चार वर्षांनी येतं, या वेळी तर पाच वर्षांनी आलं.

क्रीडाग्राम अठ्ठेचाळीस तासांत सोडायचं आहे, करोनाचा नियम. दोन्ही ज्युदोगी घामानं भिजलेल्या. पांढरी आणि निळी वेगळी बांधायची, नाहीतर रंग लागतो. पुढचं ऑलिंपिक पॅरिसला, तीन वर्षांनी. तिथे पोलेरेस याच गटात ब्राँझ जिंकली, आणि सोनं मातिचनं नेलं.