भाग : प्रोफिनेटवरून ड्राइव्ह चालवताना – मोटर थांबवायला शून्य पाठवू नका

आज आपण पीएलसीवरून, एकाच प्रोफिनेट केबलने, ड्राइव्ह चालवणार आहोत. उदाहरणासाठी मी सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी आणि सिनॅमिक्स जी१२० ड्राइव्ह घेतोय.

आधी नाव जुळवा

प्रोफिनेटमध्ये पीएलसी ड्राइव्हला नावाने ओळखतो. टीआयए पोर्टलमधल्या प्रोजेक्टमध्ये दिलेलं डिव्हाइस नेम आणि प्रत्यक्ष ड्राइव्हमध्ये लिहिलेलं नाव तंतोतंत सारखं हवं. नुसता आयपी अ‍ॅड्रेस जुळवून भागत नाही.

मग टेलिग्राम निवडा

कोणता डेटा, किती आणि कोणत्या क्रमाने जाणार, हे टेलिग्राम ठरवतो. तो दोन्हीकडे एकच हवा. आपण स्टँडर्ड टेलिग्राम १ घेऊ; ड्राइव्हमध्ये पी९२२ = १. यात दोन वर्ड जातात आणि दोन येतात:

- जाणारे : कंट्रोल वर्ड आणि वेगाचा सेटपॉइंट
- येणारे : स्टेटस वर्ड आणि प्रत्यक्ष वेग

कंट्रोल वर्ड

आधी ११५० पाठवा, म्हणजे हेक्समध्ये ०४७ई. याने ड्राइव्ह तयार होतो. मग ११५१ पाठवा, म्हणजे ०४७एफ. मोटर फिरू लागते. दोन्हींत फरक फक्त बिट ० चा. हा बिट ० वरून १ होताना ड्राइव्हला दिसावा लागतो, म्हणून थेट ११५१ ने सुरुवात करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. मोटर थांबवायची तर पुन्हा ११५० पाठवा, ० नाही. बिट १० म्हणजे 'पीएलसीचं ऐक'. शून्य पाठवलं की हा बिटही जातो आणि फॅक्टरी सेटिंगमध्ये ड्राइव्ह नवा डेटा घेणंच बंद करतो. शेवटचा हुकूम 'फिर' असेल, तर मोटर फिरतच राहते. प्रोग्राममध्ये शून्य दिसतंय आणि समोर पट्टा चालू आहे. अशा वेळी कुणी 'बंदच आहे' समजून हात घातला, तर काय होईल ते सांगायला नको.

वेगाचं गणित

१६३८४ म्हणजे १०० टक्के. पण कशाचे? पी२००० मधल्या रेफरन्स वेगाचे. तिथे १५०० आरपीएम असेल आणि ९०० हवे असतील, तर ६० टक्के, म्हणजे ९८३० पाठवा. पी२००० मध्ये चुकून ३००० असेल, तर हाच आकडा १८०० आरपीएम मागेल. म्हणून पी२००० तपासा आणि कमाल वेगाची मर्यादा पी१०८२ मध्ये लावा.

उत्तर वाचा

स्टेटस वर्डमध्ये बिट २ म्हणजे ड्राइव्ह चालू, बिट ३ म्हणजे फॉल्ट. स्क्रीनवरचा 'मोटर चालू' दिवा आपण पाठवलेल्या हुकुमाला जोडू नका, ड्राइव्हकडून आलेल्या बिट २ ला जोडा. फॉल्टचं कारण दूर केल्यावर बिट ७ क्षणभर १ करून तो रिसेट होतो.

शेवटी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : कंट्रोल वर्ड म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नाही. त्यासाठी ड्राइव्हची एसटीओ सोय वेगळी, सेफ्टी सर्किटमधून जोडा. आणि पहिली चाचणी मोटर लोडपासून सोडवून, कमी वेगावरच घ्या.

पुढच्या भागात टेलिग्राम ३५२ वापरून करंट आणि फॉल्ट कोड पीएलसीत आणू.