मूत्रपिंडाचा रुग्ण : रिपोर्टात न दिसणारा त्रास

मूत्रपिंडाचा विकार बळावला की घरादाराला एक आकडा तोंडपाठ होतो, क्रिएटिनिनचा. परंतु रुग्णाचा दिवस कसा जातो आणि रात्र कशी सरते, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

मूत्रपिंडांची कार्यक्षमता साधारणतः शेकडा १५ च्या खाली गेली म्हणजे आजार पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात पोहोचला असे मानतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये साठतात. तोंडाची चव जाते, मळमळते, अन्नावरची वासना उडते. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडल्याने रक्त घटते व एक जिना चढतानाही धाप लागते. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. अंगाला खाज सुटते, पुष्कळदा पुरळ नसतो, म्हणून घरचे म्हणतात, "काही दिसत तर नाही!" मग रुग्णही बोलायचे सोडून देतो.

अतिसाराने पडलेल्या, कोणीही विचारपूस न केलेल्या भिक्खूची कथा विनयपिटकात आहे. भगवंतांनी प्रथम त्याला काय होते ते विचारले, मग आनंदाच्या मदतीने स्वतः त्याला स्नान घातले. विचारणे आधी, हे ध्यानात घ्यावे.

कारण विचारले तर उपायही आहेत. रक्त वाढविण्यासाठी लोह व एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आहेत. खाजेवर गॅबापेंटिन अगदी अल्प प्रमाणात गुणकारी ठरते. मात्र ते शरीरात साठत असल्याने डॉक्टरांनीच ठरवून द्यावे. दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी उरलेसुरले मूत्रपिंडही बिघडते.

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास. त्यानंतर माणूस गळून जातो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, पण रोजंदारीचे बुडालेले दिवस कोणती योजना भरून देणार? वयोवृद्ध, अनेक व्याधींनी जर्जर रुग्णाने डायलिसिस नको म्हटले, तरी उपचार संपले असे नव्हे. खाज, मळमळ, वेदना, धाप यांवरची औषधे चालूच ठेवता येतात.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. येथे ते घातक ठरू शकते, कारण त्यातील पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडतात. त्याऐवजी झोप, खाज, भूक, धाप यांची चौकशी करून एका वहीत लिहावे आणि पुढच्या तपासणीला रिपोर्टांसोबत तीही वही डॉक्टरांपुढे ठेवावी.