आमच्या माघारी त्याचे कसे?

स्वमग्न मूल असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मूल लहान असते तेव्हा आईवडील बोलणे शिकवण्यात, शाळा शोधण्यात गुंतलेले असतात. पुढे मुलगा अठरा वर्षांचा होतो, शाळा सुटते, आणि दिवसभर घरात येरझारा घालणाऱ्या, मिसरूड फुटलेल्या लेकाकडे पाहून आईच्या मनात येते, आज आपण आहोत, उद्या?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. आईच्या मायेत काही उणे राहिले म्हणून तो येत नाही आणि वय वाढले म्हणून जातही नाही. आजचे स्वमग्न मूल उद्या स्वमग्न प्रौढ होणारच. म्हणून त्याच्या उद्याची तयारी आजच करायला हवी. ही तयारी तीन गोष्टींची आहे: कागद, काम आणि माणसे.

डोनाल्डची गोष्ट

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथला डोनाल्ड ट्रिप्लेट हा स्वमग्नतेचे निदान झालेला पहिला मुलगा. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पहिली नोंद त्याचीच होती. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला लहानपणीच एका संस्थेत ठेवले होते. पण वर्षभरातच आईवडिलांनी त्याला घरी आणले.

पुढे डोनाल्ड गावच्या बँकेत नोकरीला लागला. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. आईवडील गेल्यावरही तो आपल्याच घरात राहिला. २०२३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. घरची सुस्थिती त्याच्या कामी आली, हे खरेच. बँकेत घरच्यांचा वाटा होता आणि त्याच्या खर्चासाठी त्यांनी विश्वस्त निधीही करून ठेवला होता. पण त्याहून मोठा आधार होता गावाचा. त्याच्या लकबी गावकऱ्यांनी आपल्याशा मानल्या होत्या.

आधी कागद

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. पहिला कागद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्याबरोबर मिळणारे यूडीआयडी ओळखपत्र. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जुन्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असेल, तर ती उलटण्याआधी नूतनीकरण करून घ्यावे.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते. त्यानंतर बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कागदावर त्याच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार आपोआप चालू राहत नाही, हे अनेकांना अडचण आल्यावरच कळते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आईवडिलांप्रमाणे भावंडे आणि नातेवाईकही तो करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. अर्थात, प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालकाची गरज असतेच असे नाही. ज्याला आपले व्यवहार समजतात त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा. २०१६ च्या कायद्यातही मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्याच्याशी बोलून, त्याच्यासह निर्णय घेण्याची कल्पना आहे.

याच न्यासाची 'निरामय' ही विमा योजना आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चासाठी तिचा उपयोग होतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील, तर कमाई करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी अपत्याचे नाव कार्यालयातल्या कागदांत हयातीतच नोंदवून ठेवावे.

मग काम

चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मनोविकार इत्यादी गटांसाठी एकत्र आहे. खासगी क्षेत्रातही दारे उघडू लागली आहेत. सॅप या जर्मन संगणक-कंपनीने भारतात प्रयोग करून पाहिल्यानंतर २०१३ साली स्वमग्न व्यक्तींना नोकरी देण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

मात्र कामाची सवय घरातच लागते. कपड्यांच्या घड्या घालणे, भाजी मोजून आणणे, पैसे देऊन सुटे परत घेणे, ठरलेल्या बसने एकट्याने जाऊन येणे या गोष्टी बाराव्या-तेराव्या वर्षापासून शिकवाव्यात. त्यांना वर्षे लागतात, म्हणूनच लवकर सुरुवात करायची.

आणि माणसे

दिल्लीत १९९१ पासून काम करणारी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम', मुंबईतला पालकांचा 'फोरम फॉर ऑटिझम' अशा संस्था नव्या पालकांना वाट दाखवतात. आपल्या गावी असे मंडळ नसेल, तर चार पालकांनी एकत्र बसायला कोणाची परवानगी लागते? मन फारच खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक स्वमग्न व्यक्तींसाठी आहे, तसाच थकलेल्या आईसाठीही.

शेजारी, दुकानदार, नातेवाईक यांना मात्र कसलाही अर्ज करावा लागत नाही. 'हा काय खाणार?' असे आईला विचारण्याऐवजी त्यालाच विचारा. एका वेळी एकच गोष्ट साध्या शब्दांत सांगा आणि उत्तरासाठी थोडे थांबा. तो नजरेला नजर देत नाही, याचा अर्थ तो उद्धट आहे असा नव्हे. लग्नघरी बँडच्या आवाजाने त्याने कान झाकले, तर त्याला शांत खोली दाखवा. कोणाच्या पाया पडण्याचा, गळाभेटीचा आग्रह धरू नका. बेत बदलणार असेल, तर आधी कळवा.

आईवडील दाखला काढतील, पैसा बाजूला ठेवतील, पालक नेमतील. पण गल्लीतल्या वाण्याने त्याला नावाने हाक मारणे आणि चार दिवस तो दिसला नाही तर कोणीतरी दार वाजवणे, हे आईवडिलांच्या हातात नसते. ते आपल्या हातात आहे.