स्टॉपरचं पूर्वायुष्य

मोती नंदी (१९३१–२०१०) हे बंगालीतले कादंबरीकार आणि 'आनंदबाजार पत्रिके'चे क्रीडापत्रकार. फुटबॉलचं मैदान त्यांना आतूनबाहेरून ठाऊक होतं. १९७०च्या दशकात त्यांनी कोलकात्याच्या मैदानावर दोन छोट्या कादंबऱ्या लिहिल्या, 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर'. 'स्ट्रायकर'चा नायक प्रसून हा गरीब घरातला कोवळा मुलगा. त्याची भूक, त्याची उमेद, पहिला क्लब, पहिला गोल अशी चढती कमान वाचकासमोर उलगडत जाते. 'स्टॉपर'चा नायक कमल गुह मात्र आपल्याला भेटतो तेव्हाच त्याची कारकीर्द उतरणीला लागलेली असते. गुडघे कुरकुरताहेत, संघ छोटा, समोरचा क्लब बलाढ्य, आणि पणाला लागलेली उरलीसुरली प्रतिष्ठा. एकाच लेखकानं आघाडीवीराची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली आणि बचावपटूची शेवटाकडून. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. इंग्लंडच्या चित्रकथांमधला रॉय रेस हा गोल करणारा, जपानच्या 'कॅप्टन त्सुबासा'चा नायकही चढाई रचणारा. बचावपटूच्या उमेदवारीची गोष्ट लिहायला कथा-कादंबऱ्यांचे लेखकही सहसा धजत नाहीत. माझं म्हणणं असं, की ही अडचण साहित्याची जेवढी आहे तेवढीच फुटबॉलची आहे. बचावपटू घडतो उशिरा आणि ओळखला जातो त्याहून उशिरा. आपल्या निवडीच्या सगळ्या पद्धती मात्र लवकर दिसणाऱ्या गुणांवर बेतलेल्या आहेत. त्यामुळे त्याची गोष्ट लिहिली जात नाही आणि पुष्कळदा तो घडतही नाही.

आधी न दिसण्याविषयी. आघाडीवीराच्या कामाची नोंद गोलफलकावर होते. बचावपटूचं यश म्हणजे जे घडलं नाही ते, आणि न घडलेल्याचा हिशेब ठेवायला कुणी बसलेलं नसतं. १९५६पासून दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराची यादी पाहावी. पुरुषांमध्ये तो आजवर तीनच बचावपटूंना मिळाला आहे: फ्रान्झ बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६), मथियास झामर (१९९६) आणि फाबियो कानावारो (२००६). त्यातले बेकेनबाउर आणि झामर मागून पुढे येऊन चढाई रचणारे. निखळ बचावासाठी गौरवलेला म्हणावा असा एकटा कानावारोच उरतो. आपल्याकडचं चित्रही निराळं नाही. जर्नैलसिंग हे भारताच्या थोर बचावपटूंपैकी एक. पण लोकस्मृतीत ते आहेत ते १९६२च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेतल्या गोलमुळे. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना पुढच्या सामन्यांत चक्क आघाडीला खेळवलं. उपांत्य फेरीत त्यांनी दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला भारतानं २-१ असं हरवलं, त्यातला एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नैलसिंगांचा. पराक्रम मोठाच होता. तरी बचावपटूला इतिहासात जागा मिळवायला आघाडीला जाऊन गोल करावा लागला, ही गोष्ट उरतेच.

या न दिसणाऱ्या कामाचा एक नमुना जवळून पाहू. ३१ मार्च २०१९, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. सामना संपायला काही मिनिटं उरली आहेत, बरोबरी १-१. टॉटनहॅमचे दोघे, मुसा सिसोको आणि सन ह्युंग-मिन, मोकळ्या मैदानातून चढाई करत येतात. मध्ये एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. चेंडू सिसोकोकडे आहे, पण खरा धोका शेजारून धावणाऱ्या सनचा, कारण गोल करण्यात तो कितीतरी सरस. व्हॅन डाइक चेंडूवर झेपावत नाही. तो मागे सरकत राहतो, शरीर असं ठेवतो की सिसोकोकडून सनकडे जाणारी वाट बंद व्हावी. सिसोकोपुढे एकच पर्याय उरतो, स्वतः मारायचं आणि तेही डाव्या, कच्च्या पायानं. तो मारतो आणि चेंडू गोलखांबांच्या वरून जातो. पुढे टॉटनहॅमच्या स्वयंगोलमुळे लिव्हरपूल २-१ असं जिंकलं. या साऱ्या हालचालीत एकही टॅकल नाही. आकडेमोडीत ती 'सिसोकोचा हुकलेला फटका' म्हणून जमा होते. समोर कोण आहे, त्याचा कुठला पाय पक्का, दुसरा किती अंतरावर, आपला गोलरक्षक कुठे, हे सारं दोन-तीन सेकंदांत ताडून निर्णय घेणं हे बचावपटूचं खरं कसब. ते मोजायला गेलं की भलतंच हाती लागतं. २००१ साली मँचेस्टर युनायटेडनं याप स्टामला लाझिओला विकलं. सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स'मध्ये या व्यवहाराची जी मीमांसा केली आहे, तीत स्टामच्या घटलेल्या टॅकलच्या आकड्यांचा मुद्दा आहे. कमी टॅकल म्हणजे उतार असा तो अर्थ. मुरलेल्या बचावपटूला टॅकल करायची वेळच कमी येते, हा दुसरा अर्थ त्या आकड्यांत दडलेलाच राहिला. स्टाम त्यानंतरही वरच्या दर्जाचा फुटबॉल खेळत राहिला आणि २००५ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत मिलानकडून खेळला. तो सौदा चूक होती, असं पुढे खुद्द अॅलेक्स फर्ग्युसन यांनीच मान्य केलं.

ताडण्याचं हे कसब पाठांतरानं येत नाही. ते सामने खेळून, चुका करून, गोल खाऊन येतं आणि त्याला वर्षं लागतात. व्हॅन डाइकचाच प्रवास पाहावा. १९९१ साली ब्रेडा इथे जन्मलेला हा मुलगा विलेम टू क्लबच्या अकादमीत वाढला. शिकत असताना ब्रेडातल्या एका उपाहारगृहात तो भांडी घासायचा. पौगंडावस्थेत तो उंचीनं बेताचा होता, बरेचदा उजव्या बाजूचा बॅक म्हणून खेळायचा. सतराव्या वर्षाच्या सुमाराला तो एकदम ताडमाड वाढला आणि त्या वाढीनं दुखणी आणली. विलेम टूला त्याच्यात फारसं भवितव्य दिसलं नाही. २०१० साली ग्रोनिंगेननं त्याला फुकटात नेलं. २०१२मध्ये पोटाच्या गंभीर आजारानं तो रुग्णालयात होता. २०१३ साली स्कॉटलंडच्या सेल्टिकनं त्याच्यासाठी सुमारे २६ लाख पौंड मोजले, तेव्हा मोठ्या क्लबांना त्याचं नावही फारसं ठाऊक नव्हतं. नेदरलँड्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा तो चोविशीत होता. जानेवारी २०१८मध्ये लिव्हरपूलनं त्याच्यासाठी साडेसात कोटी पौंड दिले, बचावपटूसाठीचा तोवरचा विक्रमी भाव. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि बॅलन डी'ओरच्या मतदानात मेस्सीपेक्षा जेमतेम सात गुणांनी मागे. चौदाव्या वर्षीच्या चाचणीत या मुलाला पाहून कुणी हे भाकीत केलं असतं का? करणं शक्यच नव्हतं, कारण ज्या गुणांनी तो मोठा झाला ते तेव्हा त्याच्यात यायचे होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे निवडक उदाहरण झालं. पाओलो माल्दिनी २० जानेवारी १९८५ रोजी सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला. फ्रान्को बारेसी सतराव्या वर्षी. मग उशिराचं सूत्र कुठे राहिलं? आक्षेप दखल घेण्याजोगा आहे, पण माल्दिनीची नोंद पुरती वाचावी. त्या मोसमातला लीगमधला तो त्याचा एकमेव सामना होता. वडील चेझारे माल्दिनी हे १९६३ साली युरोपियन कप जिंकणाऱ्या मिलानचे कर्णधार, घरातच शाळा. पुढची कित्येक वर्षं तो कडेचा बॅक म्हणून खेळला आणि शेजारी बारेसी, तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता यांच्यासारखे खेळाडू होते. बचावफळीच्या मध्यभागी तो कायमचा आला तो बराच पुढे. संघात लवकर येणं आणि लवकर घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारेसीचा दाखला तर माझ्याच बाजूनं बोलतो. थोरल्या भावाला घेणाऱ्या इंटरनं त्याला अंगानं किरकोळ म्हणून परत पाठवलं आणि त्याच शहरातल्या मिलाननं ठेवून घेतलं. अंगकाठीवरून बचावपटू निवडण्याचा मोह जुनाच आहे. विश्वचषक उंचावणारा कानावारो अवघा १७६ सेंटिमीटरचा होता. उदाहरणं बाजूला ठेवली तरी एक सर्वज्ञात निष्कर्ष उरतो. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होते तिथे अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं भरपूर आणि शेवटच्या तीन महिन्यांतली विरळ दिसतात. म्हणजे गुणवत्ता म्हणून आपण पुष्कळदा काही महिन्यांचं थोरलेपण निवडत असतो. ज्या जागेवर वाढ आणि समज दोन्ही उशिरा येतात, त्या जागेचं यात अधिक नुकसान होणार हे उघड आहे.

भारतात हा उशीर सांभाळून घेणाऱ्या व्यवस्था एके काळी होत्या, फारशा हेतुपूर्वक नसतील, पण होत्या. शैलेन मन्ना १९४२ साली मोहन बागानमध्ये आले आणि १९६०पर्यंत तिथेच खेळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली नोकरी पाठीशी होती. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध त्यांची पेनल्टी हुकली आणि भारत १-२ असा हरला. तरी तीनच वर्षांनी दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार तेच होते. जर्नैलसिंग पंजाबातल्या माहिलपूरच्या खालसा महाविद्यालयातून कोलकात्याच्या राजस्थान क्लबमध्ये आणि तिथून १९५९ साली, तेविसाव्या वर्षी, मोहन बागानमध्ये आले. महाविद्यालय, मधला क्लब, मग मोठा क्लब अशा पायऱ्या होत्या. आजचा मुंबईकर दाखला राहुल भेकेचा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स अशी वळणं घेत तो २०१७मध्ये बंगळुरूला पोहोचला. मार्च २०१९मध्ये मुंबईतच झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेतल्या ११७व्या मिनिटाला, त्याच्या हेडरनं एफसी गोवाविरुद्ध जेतेपद ठरवलं. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी तो भारताकडून पहिला सामना खेळला, वय २८. एप्रिल २०२२मध्ये मुंबई सिटीनं इराकच्या अल-कुवा अल-जाविया क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. त्यातलाही निर्णायक गोल त्याचाच. मे २०२४मध्ये आयएसएल करंडक उंचावताना मुंबई सिटीचा कर्णधार तोच होता. विशीतली सगळी उमेदवारी त्यानं क्लबांच्या वळणावळणांतून स्वतःच रेटून नेली. ती पुरी होण्याआधीच जे गळाले, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

गळण्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. आयएसएलच्या सुरुवातीच्या मोसमांत मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालत, २०१७-१८पासून पाच आणि २०२१-२२पासून चार. संख्या घटली हे चांगलं झालं, पण परदेशी जागा खर्च करताना क्लब साहजिकच संघाच्या कण्याकडे पाहतात: स्टॉपर, मधला सूत्रधार, आघाडीवीर. क्लबचं चुकतं असं म्हणता येत नाही. तीन गुणांसाठी खेळणारा प्रशिक्षक एकोणीस वर्षांच्या मुलाला चुका करायला त्या जागेवर कशाला उभा करेल? आघाडीला चूक झाली तर संधी हुकते, मागे चूक झाली तर गोल होतो. त्यामुळे तरुण आघाडीवीराला निदान शेवटची वीस मिनिटं मिळतात. तरुण स्टॉपरला तीही नाहीत, कारण सामना चालू असताना बचावफळीत हात घालणं कुणालाच नको असतं. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरून टाकणारा प्रेक्षक आहे. तिथून क्रीडा प्रबोधिनीमार्गे २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात पोहोचलेला अनिकेत जाधव आघाडीचा खेळाडू. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, पण बाहेरून येणाऱ्या निवडकर्त्याची नजर एका सामन्यात कुणावर ठरते, याचा अंदाज त्यातून येतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. भारताची दुखरी नस गोल न होणं ही आहे, मग बचावपटूंची चिंता कशाला? जानेवारी २०२४मधल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरला आणि एकही गोल करू शकला नाही. हे खरं आहे. पण त्याच तीन सामन्यांत सहा गोल खाल्ले, हेही खरं. शिवाय आजच्या खेळात चढाईची पहिली वीट स्टॉपरच ठेवतो. प्रतिस्पर्धी अंगावर आले असताना चेंडू शांतपणे मध्यरक्षकाच्या पायात देणारा माणूस मागे नसेल, तर लांब टोलवलेल्या चेंडूंमागे धावण्यापलीकडे आघाडीवीराच्या हाती काही उरत नाही. गोलांचा दुष्काळ आणि मुरलेल्या बचावपटूंची वानवा या एकाच आजाराच्या दोन खुणा असू शकतात.

तेव्हा उपाय निवडीत कमी आणि टिकवण्यात जास्त आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी हिरा ओळखणाऱ्या नजरेचं आपण फार कौतुक करतो. बचावपटूच्या बाबतीत ती नजर जवळपास निरुपयोगी आहे, कारण ओळखण्याजोगं तेव्हा फार थोडं असतं. खरी कसोटी सतरा ते तेवीस या वयात लागते. या सहा वर्षांत मोसमाला पंचवीस-तीस चुरशीचे सामने मिळतील अशी राखीव संघांची किंवा खालच्या विभागांची स्पर्धा हवी. अकादमीतून वगळलेल्या मुलांना अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पुन्हा पाहण्याची पद्धत हवी आणि एका सामन्याऐवजी सलग आठ-दहा सामने पाहून मत देणारे निवडकर्ते हवेत. हे सगळं खर्चिक आहे आणि त्याचं श्रेय कुणालाही लगेच मिळणार नाही. ज्या प्रशिक्षकानं एखाद्या मुलाला विसाव्या वर्षी चुका करू दिल्या, तो मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी देशाकडून खेळतो तेव्हा प्रशिक्षक दुसऱ्याच क्लबात असतो. म्हणूनच हे काम एकट्या-दुकट्या गुरूवर सोडून भागणार नाही, ते संघटनेनं आणि स्पर्धेच्या नियमांनी करायचं आहे. ते झालं तर स्टॉपरच्या उमेदवारीच्या वर्षांतही सांगण्याजोगं काही घडू लागेल आणि कादंबरीकाराला त्याची गोष्ट शेवटाकडून सुरू करावी लागणार नाही.